बिनकल्हईचा आवाज

सोमवार, १७ एप्रिल

आज पातेली वाटली. फुकट! आयुष्यात पहिल्यांदा.

राष्ट्राध्यक्ष संध्याकाळी टीव्हीवर बोलणार होते. निवृत्तीचं वय बासष्टवरून चौसष्ट का केलं, ते समजावून सांगणार म्हणे. देशभर ठरलं होतं की ते बोलतील तेव्हा कोणी ऐकायचं नाही. नगरपालिकेसमोर जमायचं आणि पातेली बडवायची.

दुपारीच नादेज वर माझ्या ऑफिसात आली. कारखान्यातलं युनियनचं सगळं तीच बघते. म्हणाली, "रेजिस, मागच्या खोलीत बाद माल पडलाय ना तुझा? नाहीतर लोक घरचे नॉनस्टिक तवे घेऊन येतील. त्याचा आवाज काय, खोकल्यासारखा! गावाची अब्रू जाईल."

पटलं. तांबटांच्या गावात काय तवे वाजवायचे? खोली उघडून दिली. काठ वाकडा झालेली, दांडा तिरका बसलेला, कल्हईला डाग पडलेली — म्हटलं, उचला. बार्नाबेने सगळ्यात मोठं उचललं. "हे तर तूच बिघडवलेलं आहेस. तू शिकाऊ होतास तेव्हाचं. मला अजून आठवतंय, किती शिव्या खाल्ल्यास." साफ खोटं! ते त्यानेच बिघडवलंय. बूड मठारताना जांभई दिली होती त्याने.

मीही गेलो. मालक असून! आंदोलन सरकारविरुद्ध आहे, माझ्याविरुद्ध थोडंच आहे? असा आवाज झाला की बस. शेजारच्या गावांत आम्हाला 'बहिरे' म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या तांबं ठोकून निम्म्या गावाला ऐकू कमी येतं, त्यामुळे वाजवायचं म्हटलं की आम्ही जीव खाऊन वाजवतो. माझे कान शाबूत आहेत. कामाला लागलो त्या दिवसापासून मेण आणि कापूस कोंबायचो. 'राजकन्या' म्हणायचे मला सगळे. आता तेच डॉक्टरकडे जाताना मला बरोबर नेतात — डॉक्टर काय म्हणाले ते सांगायला!

डोळे मिटून उभा राहिलो. एकेक पातेलं आवाजावरून ओळखत होतो. हे बार्नाबेचं, हे नादेजचं, हे कल्हईवाल्या पोरींचं.

ओडील नुसतीच उभी होती. मी विचारलं, वाजवायला काही आणलं नाहीस? म्हणाली, "घरात वाजवण्यासारखी एकच वस्तू आहे, ती तू केलेली जॅमची कढई. तिला पोचे पडतील."

बायको अशी असावी.

मंगळवार, १८ एप्रिल

मनगट दुखतंय. सवय गेली राव.

बुधवार, १९ एप्रिल

देल्मास येऊन गेला. गिऱ्हाईक म्हणूनच आला, तसंच ठरलं होतं. मी त्याला खाली सगळं फिरवून दाखवलं. त्याने काय बघितलं? भिंती बघितल्या, छत बघितलं, दारं किती रुंद आहेत ते बघितलं. पातेल्यांकडे नजर सुद्धा नाही! मी एक हातात दिलं तर पटकन खाली ठेवलं, जसं काही तापलेलं आहे. बार्नाबे हातोडी थांबवून बघत होता.

काय करू? पानावर तरी खरं लिहितो. तांबं इंडक्शनवर तापत नाही. आणि आता नवीन घरांत दुसरं काय असतं? नवरी नवरदेव भेट म्हणून आमचं पातेलं घेतात, भिंतीला टांगतात आणि खाली दुसऱ्याच भांड्यात शिजवतात. मी एकसष्ट वर्षांचा. मूलबाळ नाही. देल्मास कारखाना विकत घेणार, पण त्याला आमचं नाव हवंय, ठोकणारे हात नकोत. पातेली दूर कुठेतरी साच्यातून निघतील, इथे घासून डब्यात भरतील. एकतीसपैकी बारा जण राहतील. बारा म्हणजे काही शून्य नव्हे.

वकील सोडला तर आत्ता हे फक्त ओडीलला माहीत आहे. गेल्या रविवारी जेवण झाल्यावर सांगितलं. ती सफरचंद सोलत होती. म्हणाली, "आणि बाकीचे?" मी म्हटलं, बघू, काहीतरी करू. ती म्हणाली, "बारा." पुढचं सफरचंद घेतलं. साल एकसंध काढते ती, मध्ये तुटू देत नाही.

तिचे वडील आमच्याच कारखान्यात कल्हई करायचे. लग्नाआधीपासून मला 'अरे' म्हणते. कारखाना विकत घेतला त्या दिवशी मी छाती काढून घरात शिरलो तर म्हणाली, "अरे मालक, कचऱ्याची पिशवी बाहेर ठेव."

शुक्रवार, २१ एप्रिल

आज एक गोष्ट झाली. छोटीच.

खाली उतरलो. बार्नाबेच्या ठोक्यात काहीतरी खोट वाटत होती, म्हटलं बघू दे जरा तुझी हातोडी. त्याने हातोडी पुसली — कधी पुसत नाही — आणि माझ्यापुढे धरली. "घ्या."

मला वाटलं मस्करी. म्हटलं, काय रे, आज एकदम पाव्हण्यासारखं? तर म्हणाला, "तुम्ही मालक आहात."

बास. मान खाली घालून कामाला लागला.

मी आणि तो एकाच दिवशी कामाला लागलो. एका ऐरणीवर शिकलो. त्याच्या लग्नात मी नाचलो, माझ्या लग्नात तो पडला. मी मालक झालो तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं की मला जो 'तुम्ही' म्हणेल त्याचा एका दिवसाचा पगार कापीन. सगळे हसले होते. बार्नाबे सगळ्यात जास्त.

आणि मग एक जुनी आठवण वर आली. जुन्या मालकांच्या वेळी आम्ही त्यांना ऑफिसात कोंडलं होतं. आपल्याकडे ते चालतंच, फार काही विशेष नाही. कामगार दार अडवून बसतात, मालकाला आत बसवतात, बोलणी होईपर्यंत सोडत नाहीत. मारत नाही कोणी. सूप देतात, घोंगडी देतात. आम्ही चीज दिलं होतं, चांगलं मुरलेलं. पण त्या दिवशी आम्ही त्यांना पहिल्यांदा 'तू' म्हणालो. "तू खा." "तू झोप." त्या एका अक्षराने म्हातारा पार खचला. दाराला कुलूप होतं त्याचं काही नव्हतं त्याला.

मी तेव्हा हसलो होतो. 'तुम्ही'ने पण कोणी खचू शकतं हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर आणखी हसलो असतो.

कामगारांना विक्रीचं कळलंय. कोणी सांगितलं?

शनिवार, २२ एप्रिल

वकिलाचा कारकून? नाही. त्याला स्वतःची छत्री कुठे ठेवली ते सांगता येत नाही.

सोमवार, २४ एप्रिल

हे कसं लिहावं कळत नाही, पण लिहितो.

कारखान्यात ठोकण्याचा आवाज म्हणजे पत्र्यावर गारा पडल्यासारखा. प्रत्येकाचा हात वेगळा, वेग वेगळा. बार्नाबे दोन जोरात आणि एक हळू मारतो. नादेज आधी टिचकी मारून बघते, मग ठोकते. वर ऑफिसात बसून मला कळतं कोण आज घरून भांडून आलंय.

आज सकाळी मी टेबलाशी बसलो आणि खालून एकच ठोका आला. थांबला. मग पुन्हा एकच. सगळे एकदम! एकतीस हातोड्या, एक ठोका. थांबायचं. एक ठोका. जेवायच्या सुट्टीपर्यंत तसंच. तांबं असं ठोकलं तर बिघडतं हे त्यांना माझ्याइतकंच कळतं.

मी कापूस शोधला कानात घालायला. कित्येक वर्षांत लागला नव्हता.

खाली गेलो तर थांबले सगळे. बघत नव्हते, नुसते थांबले. मी जिना चढून वर आलो, की पुन्हा — एक.

मंगळवार, २५ एप्रिल

शेवटचा तास काम बंद. सगळे गेटबाहेर. मालाखालच्या लाकडी पॅलेटी पेटवल्या, वर जाळी टाकून सॉसेज लावले, आणि मग पातेली.

माझीच पातेली! मीच वाटलेली, माझ्याच मागच्या खोलीतली. हसू आलं खरं तर. खिडकीत उभा राहून ऐकलं. ते बार्नाबेचं मोठं. ते नादेजचं, त्याचा दांडा हलतो. ती पोरींची तीन छोटी. बेकरीवाला सुद्धा आला होता, त्याचं पातेलं चिरलेलं आहे, लगेच कळतं. गावातले पण मिसळले त्यांच्यात. आपल्या लोकांना एवढंच पुरतं. कोणीतरी काहीतरी बडवतंय म्हटलं की आधी हातात पळी घेऊन बाहेर, मग विचारणार कशाबद्दल.

एक मात्र ओळखू आलं नाही.

खूप मागे कुठेतरी होतं. पसरट, काठ पातळ, बूड जाड. कल्हई नाही. कथलाने आवाज थोडा दबतो, हा मोकळा होता, घंटेसारखा, खोलवर जाणारा. सावकाश मारत होतं कोणीतरी. बाकीचे दहा मारतील तेव्हा हे एक. जॅमच्या कढईला कल्हई नसते, तसंच काहीतरी असणार. पण बाद मालात मी असलं काही दिलं नव्हतं.

ठोकलेलं मात्र जुन्या पद्धतीने. बार्नाबेने केलं असेल, नाहीतर मी. पण मग मला ओळखू का येत नाही?

नादेज वर आली नाही. संपाच्या पहिल्या दिवशी ब्रेडमध्ये सॉसेज घालून वर पाठवतात मालकाला, ही पद्धत आहे. जुन्या मालकांना सुद्धा पाठवलं होतं आम्ही. आज खिडकीत उभा राहून वाट बघितली. वास वर येत होता, बाकी काही आलं नाही.

घरी आलो तर जेवण गार. ओडील बहिणीकडे गेली होती. बहिणीची कंबर धरलीय म्हणे.

बुधवार, २६ एप्रिल

देल्मासचा फोन. "पोलिसांना बोलवा ना! दक्षिणेकडे कुठेतरी बंदी घातलीय म्हणे, हातात धरून आवाज करणाऱ्या साधनांवर. पातेली जप्त करतात."

मी म्हटलं, साहेब, मी पातेली विकतो. पातेलीवाल्याने जाऊन पातेली जप्त करा म्हणून सांगायचं? त्याला विनोद कळला नाही. म्हणाला, "शुक्रवारी सह्या झाल्या पाहिजेत. नाहीतर मी दुसरीकडे बघतो."

शेवटच्या तासाला पुन्हा पातेली. ते एक पुन्हा होतं. आज जवळून.

संध्याकाळी घरी फोन वाजला. ओडीलची बहीण. "ओडील आहे का?" मी म्हटलं, तुझ्याकडेच ना ती? तुझी कंबर? तिने आधी घसा खाकरला. मग म्हणाली, "हो हो, निघाली मघाशीच. मी आपलं... पोचली का ते विचारत होते."

यांच्या घराण्यातच विसरभोळेपणा आहे.

ओडील आली तेव्हा केसांना धुराचा वास येत होता. गावभर पॅलेटींचा धूर आहे, सगळ्यांनाच येतो.

गुरुवार, २७ एप्रिल

आज मी स्वतः गेटवर गेलो. लपून बसणाऱ्यांतला मी नाही. हातोडी हातात घेऊन वर आलो तो मी, वारशाने नाही.

मी दिसल्यावर पातेली थांबली. सगळ्यात शेवटी ते एक थांबलं, मागे, बेकरीच्या कोपऱ्यापाशी. मला दिसलं नाही. पुढे माणसांची भिंत.

नादेजने सुरुवात केली. "उद्या सही आहे ना, साहेब?"

साहेब! ही पोरगी माझ्या मांडीवर बसून हातोडी धरायला शिकली. तिचा बाप माझ्या शेजारी ठोकायचा.

मी म्हटलं, बारा जण राहतील. मी लेखी घेतोय. निवृत्तीला आलेल्यांचं बघतोय. मी नाही विकलं तर दोन वर्षांनी सगळ्यांनाच जावं लागेल, मलाही.

"कोण बारा?" नादेजने विचारलं.

ते ठरायचंय म्हटलं.

"म्हणजे आम्ही आपसात ठरवायचं, कोणी कोणाच्या उरावर बसायचं ते? की तुम्ही ठरवणार?"

"घासायला आणि डबे भरायला बारा," बार्नाबे म्हणाला. "ठोकायला किती?"

मी कोटाचं बटण लावलं.

"ठोकायला एकही नाही," तो बाकीच्यांना म्हणाला. मोठ्याने, कारण निम्म्यांना ऐकू गेलं नसतं. मग माझ्याकडे वळला. "चौसष्टपर्यंत ठोकायला लावतायत म्हणून आपण बोंबलत होतो, साहेब. तुम्ही तर एकसष्टलाच सोडवलंत. आभारी आहोत."

हसले सगळे. तसं हसणं मी आधी ऐकलंय. आम्हीच हसलो होतो तसं, जुन्या मालकांच्या दाराबाहेर.

मी विषय बदलला. सवयच आहे, वातावरण तापलं की मी काहीतरी गंमत काढतो. म्हटलं, ते जाऊ दे, मागे ती कढई कोण वाजवतंय रे? बिनकल्हईची. ओळखू येत नाहीये मला, झोप लागत नाही!

कोणी हसलं नाही. नादेजने जमिनीकडे बघितलं. बेकरीवाला उगाच विस्तव ढोसायला लागला. बार्नाबे मात्र माझ्याकडे बघत राहिला, बराच वेळ, आणि त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"तुम्हाला ओळखू येत नाही?" तो म्हणाला.

मी वळून आत आलो. पाठीमागे ते एक पहिलं सुरू झालं. मग बाकीचे.

शुक्रवार, २८ एप्रिल

सह्या केल्या.

वकिलाच्या खोलीत गालिचा आहे, जाड, पावलांचा आवाजच होत नाही. देल्मासने शॅम्पेन आणली होती. मी अर्धा ग्लास प्यालो. बारा जणांचं लेखी घेतलंय. दुसऱ्या कोणी एवढंही घेतलं नसतं, हे इथे लिहून ठेवतो.

बाहेर आलो तर चौकात कोणी नाही. गेटवर कोणी नाही. पॅलेटींची राख तेवढी. गावात इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं.

येताना फुलवाल्या बाईने हाक मारली. एक मे आला, घंटीफुलांच्या काड्या नेहमीसारख्या बांधून ठेवू का? दरवर्षी कामगारदिनाच्या मिरवणुकीत मी प्रत्येकाच्या कोटाला एकेक काडी लावतो.

म्हटलं, एकच जुडी द्या. घरी.

रविवार, ३० एप्रिल

ओडील दिवसभर तांबं घासतेय. मीठ आणि व्हिनेगर. जॅमला अजून फळं आलेली नाहीत, तरी.

सही झाल्याचं सांगितलं तेव्हा ती "हं" म्हणाली होती. त्यानंतर बोलणं नाही. बोलेल. दमलीय.

सोमवार, १ मे

मिरवणूक आमच्या खिडकीखालून गेली. पडदा सरकवला नाही. नुसतं ऐकत होतो. ते एक आलं, अगदी खाली, आणि मी स्वयंपाकघरात गेलो. चुलीवरचा कढईचा खिळा रिकामा.

लग्नाला चौतीस वर्षं झाली. तेवढे उन्हाळे त्या कढईत फळं रटरटताना ऐकली. रिकामी असताना कधी वाजवलीच नव्हती.

जेवायच्या वेळेला ओडील आली. कोट काढला. कढई खिळ्याला अडकवली. बुडाला पोचे पडले होते.

मी फुलं पुढे केली.

"तिथे ठेवा," ती म्हणाली.